सेकंडहँड पिकअपचं माहेर

गजेंद्रला गाडीसाठी फोन केला की पलीकडून एकच उत्तर येतं, "पाहून सांगतो, भाऊ." तो काय पाहतो, कुठे पाहतो, आणि पाहून झाल्यावर सांगत का नाही, हे वरवट बकालमध्ये आजवर कोणाला कळलेलं नाही. गावात भाड्याची पिकअप त्याची एकट्याची. त्यामुळे त्याच्या तोंडून निघालेलं हे वाक्य आम्ही लिंबूवाले देवाचा कौल घ्यावा तसं घेतो आणि लिंबांच्या ढिगाशेजारी बसून राहतो.

लिंबाचं असं आहे, ऊन चढलं की भाव चढतो, आणि भाव चढला की गजेंद्र दिसेनासा होतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचं पाहून होईपर्यंत माझी लिंबं पिवळी झाली, मग मऊ झाली. शेवटी खामगावच्या अडत्याने पोत्याचं तोंड सोडलं, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या दारात काहीतरी मेलेलं आणून टाकलंय. त्याच दिवशी मी ठरवलं की आता घरची गाडी घ्यायची. नवी नाही, नवी घ्यायला लिंबं नाही, सोनं पिकवावं लागतं. जुनी, पण खात्रीची.

खात्री हा माझा प्रांत. उभा जन्म शाळेत हेडक्लार्क म्हणून काढला. मुख्याध्यापक आले आणि गेले, पण माझ्या कारकिर्दीत डेडस्टॉक रजिस्टरातली एक खुर्ची इकडची तिकडे झाली नाही. मला कोणी फसवू शकत नाही, अशी माझी समजूत होती. फार चांगली समजूत होती. अजूनही मला तिची आठवण येते.

"घ्या, मी काई नाय म्हणत," आमच्या सौभाग्यवती, म्हणजे वंदना, भाकरी थापता थापता म्हणाली. "पण तुम्हाले चालवता येते का?"

येते. लायसन्स आहे. दुसऱ्या गिअरपर्यंत माझा हात कोणी धरू शकत नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या माणसाला आमच्याकडे जेवढा सल्ला मिळतो तेवढा ऑपरेशनला निघालेल्यालाही मिळत नाही. एकाने सांगितलं, रेतीवर चाललेली गाडी घेऊ नका, खालून सडलेली असते. दुसऱ्याने सांगितलं, केळीवर चाललेली घेऊ नका, रात्रंदिवस पळवलेली असते. तिसरा म्हणाला, लग्नाचा डीजे वाहणारी तर बिलकूल घेऊ नका, तिचे नटबोल्ट नाचून नाचून ढिले झालेले असतात. थोडक्यात, जी कधी चाललीच नाही अशी जुनी गाडी शोधायची होती.

शेजारचा दयाराम तर सल्ला देऊन थांबला नाही, सोबत यायलाच निघाला. दयाराम एसटीतला रिटायर कंडक्टर. गाडीच्या मागल्या दाराशी उभं राहून त्याला पुढच्या इंजिनाचं जे ज्ञान झालं, ते त्याने निवृत्तीनंतर मोकळ्या हाताने वाटायला काढलं होतं. आणि तांत्रिक बाजू सांभाळायला स्टँडवरचा मिस्त्री कचरू. कचरू कमी बोलतो आणि बोलण्याआधी विडी विझवतो. त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य निकालपत्रासारखं वाटतं.

संग्रामपूरला पहिली गाडी पाहिली. रंग इतका ताजा की दयाराम टेकून उभा राहिला तो पांढरी पँट निळी करून परत आला. शेगावकडे दुसरी पाहिली. मीटर इतकं कमी पळालेलं, की ती शोरूममधून निघून सरळ देवळात बसवली असावी. तिसरीचा दरवाजा सुतळीने बांधलेला होता. मालक म्हणाला, "हवा खेळती राहते." कचरूने तिन्ही वेळा विडी विझवली आणि तिन्ही वेळा म्हणाला, "चला."

मग धामणगाव बढ्याजवळच्या एका गावातल्या कडूबाचा पत्ता लागला. त्याला मोठा ट्रक घ्यायचा होता, म्हणून पिकअप काढायची होती. वंदनाचं माहेरही त्याच भागातलं. तिचा भाऊ दरवर्षी आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, तिला न्यायला यायचा आणि दरवर्षी चहा पिऊन एकटाच परत जायचा. कारण आखजी आणि लिंबाचा भाव एकाच सुमारास येतात. पंचांग मी केलेलं नाही.

कडूबाच्या अंगणात गाडी कडुनिंबाखाली उभी होती, अंगावर जुन्या लुगड्याचं पांघरूण. ते कडूबाने बाजूला केलं. काचा पुसलेल्या, टायर धुतलेले, आरशाला रेशमी गोंडे, आणि मागच्या फळीवर लाल अक्षरांत नाव: काजल.

"हे कोणाचं नाव?" मी विचारलं.

"गाडीचंच हाय," कडूबा इकडे तिकडे पाहत म्हणाला. "मायनं ठेवलं. आम्ही समदे भाऊच. तिले लेक पाह्यजे होती."

तेवढ्यात जनकाबाई, म्हणजे कडूबाची माय, बाहेर आली. म्हातारी काटक, नजर सावकाराची. मी गाडी पाहायला आलो होतो. ती मला पाहायला बसली.

"पान-तंबाकू?"

"नाही."

"घरी कोन कोन हाय?"

"मी आणि मंडळी. पोरगा पुण्याला."

"गाडी उभी कुठं करसान? साउली हाय का?"

"चिंच आहे दारात."

"चिंच?" तिने नाक मुरडलं. "चिंचेखाली भूत रायते. आन् डायवर? पेते-बिते का?"

"मीच चालवणार." दयाराम खोकला.

"माय, गाडी हाय ते," कडूबा कळवळून म्हणाला.

"तू गप बस बे. तू इकून राह्यला, म्या देऊन राह्यली."

इकडे कचरूने ऑइलची पट्टी ओढून दोन बोटांत तेल चोळलं, वास घेतला. मला वाटलं, आता चाटतो. मग गाडीखाली गेला. तिथे तो इतका वेळ राहिला की जनकाबाईने त्याचा चहा खालीच सरकवला. शेवटी बाहेर येऊन त्याने विडी विझवली. "भाऊ, गाडी खानदानी हाय."

आता राहिला भाव. कडूबा एका आकड्यावर बसला, मी दुसऱ्यावर. मधे पोहे आले, मधे पुन्हा चहा आला, आकडे काही हलेनात. तेव्हा माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. मी पाहिलं, की या घरात कडूबाशी बोलणं म्हणजे शिपायाकडे अर्ज देण्यासारखं आहे. सही आतल्या केबिनमध्ये होते. मी जनकाबाईकडे वळलो आणि आवाज जरा ओला केला.

"आई, पैशाचं सोडा. तुमची काजल आमच्या घरी सून म्हणून नाही, लेक म्हणून नांदेल. सणावाराला माहेरी पाठवू. तुम्ही पण या, हक्काने."

म्हातारीने पदर डोळ्याला लावला. "कडूबा, पाव्हण्यायचं म्हननं ठेव."

भाव खाली आला. जिभेला डिझेल लागत नाही, असं मी परतीच्या वाटेवर कचरूला म्हणालोही. तेव्हा त्याने विडी विझवली नाही, उलट नवी पेटवली. मला तिथेच समजायला हवं होतं.

गाडी आणायला गेलो त्या दिवशी जनकाबाईने केबिनमध्ये ओटी भरली. गहू, नारळ, खण, सगळं स्टिअरिंगपुढे. डब्यात धपाटे दिले, ते गाडीला दिले की आम्हाला, हे स्पष्ट झालं नाही, म्हणून दयारामने वाटेत खाऊन टाकले. गाडी फाटकाबाहेर पडताना म्हातारी रडली, शेजारणी रडल्या, आणि दयारामही रडला. तो म्हणाला, त्याला स्वतःच्या पोरीची आठवण झाली. मी दुसऱ्या गिअरमध्ये वरवटपर्यंत आलो. तोवर पिकअपच्या बोनेटवरचं ऊनही मावळलं.

घरी वंदनाने ओवाळलं, चाकांखाली चार लिंबं ठेवली. माझीच. पहिला माल असा विनामोबदला गेला.

त्यानंतर कागदपत्रं. गाडी होती जनकाबाईच्या नावावर. कर्ज काढताना कडूबाचं नाव बँकांना मानवत नव्हतं, म्हणून मायचं घातलेलं. पाहतानाच हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मला बरंच वाटलं होतं. अंगठा लावणारी म्हातारी बाई, तिच्याकडून काय अडचण येणार!

आधी अडचण फायनान्सवाल्यांकडून आली. कर्ज कधीच फिटलेलं, पण गाडीच्या कागदावर बोजा तसाच. तो उतरवायला त्यांचा दाखला पाहिजे. त्यांच्या ऑफिसचा पत्ता शोधत गेलो, तर तिथे लस्सीचं दुकान. लस्सीवाला म्हणाला, "काका, तुमच्यासारखे लई येतात. बसा, लस्सी घ्या." घेतली. पुढे अकोल्याला तो दाखला मिळाला, पण तोपर्यंत माझ्या पोटात लस्सी, ताक आणि उसाचा रस यांचाही बोजा चढला होता.

दाखला घेऊन जनकाबाईला फोन लावला. "आई, गाडी नावावर करायची आहे. बुलढाण्याला येऊन तेवढा अंगठा द्या."

"देते ना," म्हातारी म्हणाली. "पयली आखजी होऊ द्या. लेक सुखात हाय का नाय, ते पाह्यल्याबिगर अंगठा कसा देऊ?"

"पण मी पैसे दिलेत!"

"आम्ही बी लेक देली."

फोन ठेवून मी परिस्थितीचा आढावा घेतला. पैसे माझे गेले होते. डिझेल माझं जळत होतं. चिंच माझी होती. फक्त गाडी माझी नव्हती. विमा आला तोही जनकाबाईच्या नावाने, आणि माझ्या दारात उभी राहून ती लेक सासुरवास भोगतेय की नाही यावर माझी मालकी ठरणार होती.

संक्रांतीला म्हातारी वाण घेऊन एसटीतून उतरली. काजलसाठी नवं सीटकव्हर, वंदनासाठी बांगड्या, माझ्यासाठी नजर. गाडीभोवती तिने एक फेरा घातला आणि मागच्या हौद्यापाशी थांबली. आदल्या दिवशी मी शेणखत वाहिलं होतं.

"माह्या लेकीच्या अंगावर उकिरडा?"

"आई, ती मालगाडी आहे. माल वाहते."

"कडूबानं कधी उसाच्या कांड्याबिगर काई ठेवलं नाय तिच्यात."

मी बादली आणून, रस्त्याकडे पाठ करून गाडी धुतली. दयाराम भिंतीवरून पाहत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माहिती देत होता. "सासू आली हाय भाऊची." म्हातारी मग वंदनाजवळ ओसरीवर बसली ती दिवस मावळेपर्यंत. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मला वाटलं, पापडाचं बोलत असतील. बायका पापडाचं बोलतात, अशी आणखी एक चांगली समजूत माझ्याजवळ होती.

मधल्या काळाबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. काजल एकदाही बंद पडली नाही. पहाटेच्या थंडीत एका किल्लीत चालू. दयारामची सोयाबीन, कोणाचं पलंग-कपाट, कोणाची आजारी म्हैस, सगळं तिने वाहिलं. भाडं कोणी दिलं नाही. लेकीकडून भाडं काय घेता, असं उलट मलाच विचारत.

आणि मग आखजी आली. ऊन असं तापलं की लिंबाचा भाव रोज उठून वर चढायला लागला. झाडं लदलेली. मी मजूर सांगून ठेवले, खामगावच्या अडत्याला फोन केला. "या वेळी घरची गाडी आहे. ताजा माल पाहाल तुम्ही." मागच्या वर्षीच्या त्या नजरेची परतफेड करायची होती. एवढं एकच मला हवं होतं: त्याने पोत्याचं तोंड सोडावं, हिरवं लिंबू हातात घ्यावं आणि म्हणावं, "वा, भागवतराव!"

आखजीच्या दोन दिवस आधी, दुपारी, दारात कडूबा. हातात पिशवी, डोक्याला नवा रुमाल.

"काय रे, इकडे कसा?"

त्याने मान खाली घातली. "मुऱ्हाळी म्हणून आलो, भाऊ. काजलले न्यायले."

लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुऱ्हाळी. त्याला पाट देतात, गोडाचं करतात. चारचाकीसाठी आलेल्या मुऱ्हाळ्याला काय देतात, ते मला ठाऊक नव्हतं, पण वंदनाने शेवया शिजवल्या होत्या. आधीच शिजवल्या होत्या, हे मला नंतर आठवलं.

"गाडी येणार नाही," मी सांगितलं. "लिंबाचा तोडा आहे. तोडा संपला की पाहून... म्हणजे, सांगतो."

"माह्यं काई नाय भाऊ. माय म्हणते, तुम्ही बोल्ले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरांनी लिंबं तोडून पोती गाडीजवळ आणली. मी आंघोळ करून, टोपी घालून, केबिनमध्ये चढलो आणि किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. खुट्ट नाही की फुर्र नाही. दिवाही लागेना. आजवर एका किल्लीत चालू होणारी खानदानी गाडी दगडासारखी गप्प.

कचरूला बोलावलं. त्याने बोनेट उघडलं, बॅटरी पाहिली, तारा पाहिल्या, बोनेट बंद केलं. विडी विझवली. "इंजिनात काई खराबी नाय."

"मग चालू काऊन नाही होऊन राह्यली?" माझं हेडक्लार्की मराठी घसरलं.

"तेच तर."

तोपर्यंत दारात निम्मं गाव. दयाराम पुढे आला, एसटीत शेवटच्या सीटवर जागा दाखवावी तसा हात केला आणि जाहीर केलं, "रुसली."

"काय?"

"पयली आखजी हाय. मुऱ्हाळी दारात बसला, आन् तुम्ही तिच्यावर पोती लादून राह्यले. कोनती लेक नाय रुसणार?"

"हाव ना," मागून एक बाई म्हणाली. "माही बी अशीच बसली होती दोन दिस, न जेवता."

मी ताठ झालो. माणसाचा मान धोक्यात आला की तो पत्रव्यवहाराच्या भाषेचा आश्रय घेतो. मी म्हणालो, "सदर वाहन निर्जीव आहे. त्याला रुसवे-फुगवे, माहेर-सासर इत्यादी बाबी लागू होत नाहीत."

"मंग तिले तसंच सांगा," दयाराम म्हणाला, "आन् घ्या किल्ली मारून."

मारली. गाडीने सदर वाहनासारखाच प्रतिसाद दिला. हसू फुटलं. मजूर पोत्यांवर बसून आमचा सामना पाहत होते, त्यांचा रोज चालू होता. ऊन चढत होतं. खामगावचा अडत्या फोन करून विचारत होता, "निघाले का?"

मी खाली उतरलो. समोर काजल, पलीकडे कडूबा रुमालाशी खेळत. अखेर मी म्हणालो, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालो, कारण दयारामने "जोरात" अशी खूण केली, "बरं बाई. जा माहेरी. पाठवतो."

तेव्हा घरातून वंदना बाहेर आली. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात भरलेली पिशवी. तिने कमरेच्या बटव्यातून काहीतरी इवलंसं काढलं आणि कचरूच्या तळहातावर ठेवलं. फ्यूज. कचरूने माझ्याकडे न पाहता तो डॅशबोर्डखाली बसवला. कडूबाने किल्ली फिरवली. एका किल्लीत चालू.

गावाने टाळ्या वाजवल्या.

"हे काय वंदना?"

"लग्न झाल्यापासून दर आखजीले माहा भाऊ दारात येऊन बसे, अन् तुम्ही त्याले लिंबं दाखवत," ती शांतपणे म्हणाली. "यंदा त्याले म्याच सांगलं, येऊ नको म्हनून. गाडीसाठी मुऱ्हाळी आला. म्या म्हटलं, एका मुऱ्हाळ्यात दोघी जाऊ."

"अगं, पण माल? निदान वाटेत खामगावला तेवढी पोती..."

"माहेरी जाणाऱ्या लेकीच्या डोक्यावर ओझं?" दयाराम मधेच.

"खामगावले वळलं तर आम्हाले पोचाले सांज होईल," वंदना म्हणाली आणि केबिनमध्ये चढून बसली. रेशमी गोंडे डोलले. हौदा रिकामा, धुतलेला, चकचकीत. काजल वळणावरून दिसेनाशी झाली, तशी गर्दी पांगली. कोणीतरी जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, "होते असं, पोरी गेल्यावर."

मी गजेंद्रला फोन लावला.

"भाऊ," तो म्हणाला, "आखजी हाय. माही गाडी पोरी पोचवून राह्यली. पाहून सांगतो."

त्याचं पाहून झालं तोवर लिंबं पुन्हा पिवळी होऊन मऊ पडली होती. अडत्याने पोत्याचं तोंड सोडलं आणि यंदा वासही घेतला नाही, नुसतं पुन्हा बांधलं. उरलेल्या मालाचं वंदनाने परतल्यावर लोणचं घातलं. मोठमोठ्या बरण्या भरून. ते आता रोज माझ्या ताटात येतं, आणि चांगलं झालंय, हे मला रोज म्हणावं लागतं.

वंदना आली ती झोक्यावरून उतरून आल्यासारखी, आठवडाभराचं हसू अंगावर घेऊन. काजलच्या केबिनमध्ये पुन्हा गहू, नारळ, खण. जनकाबाई खूश होती. शब्दाला जागणारा जावई मिळाला, असा तिने निरोप धाडला. पुढच्याच आठवड्यात ती स्वतःहून बुलढाण्याला आली आणि अंगठा दिला. वंदना सोबत गेली होती. मला म्हणाल्या, उन्हाचं तुम्ही कशाला येता, आधार कार्ड तेवढं द्या. मी दिलं. माझं कार्ड जसंच्या तसं परत आलं. ते कशालाच लागलं नव्हतं.

पोस्टाने गाडीचं कार्ड आलं तेव्हा कारण कळलं. मालकाचं नाव: वंदना भागवत. लेक बाईच्या हाती दिली, असं म्हातारीचं म्हणणं. दयारामलाही ते पटतं, कचरूलाही पटतं.

आता लिंबाची दुसरी तोडणी आली आहे. भाव बरा आहे. काल सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो, घसा साफ केला आणि विचारलं,

"उद्या खामगावला जायचं होतं. गाडी येते का?"

वंदनाने तव्यावरची भाकर उलटली.

"पाहून सांगते," ती म्हणाली.